लाभ, दोन, तीन

नाव भामाबाई लिहा, नुसतं भामाबाई, इथं मला सगळे मावशीच म्हणतात, प्राचार्य मॅडमसुद्धा मावशी अन् एसटीचा कंडक्टरसुद्धा मावशी. तुम्ही कॉलेजचा इतिहास लिहायला आलात ना, स्मरणिका का काय ते काढायलेत म्हणे, तर मॅडमनी तुम्हाला माह्याकडं धाडलं ते बरं केलं, कारण सुरवातीपासून इथं उरलेलं माणूस आता मी एकटीच, अन् मी बी ह्या महिन्याअखेर घरी बसणार. बसा. त्या बाकावर नाय, ह्या मागच्या बसा. तो पहिला बाक ऱ्हाऊ द्या, का ते सांगते.

आम्ही मेंढरांमागची माणसं. माहेर सोयगावकडं डोंगराच्या पायथ्याला, अन् सासर हे गाव, देवगाव रंगारीपासून आत, तवा तर पक्का रस्ता बी नव्हता. पावसाळ्यात मेंढरं डोंगराकडं न्यायची, पाऊस उघडला की खाली शेतकऱ्यांच्या वावरात बसवायची, आज ह्या शिवारात मुकाम, उद्या त्या शिवारात, घोड्यावर बिऱ्हाड अन् बिऱ्हाडावर कोंबड्या. माही कौसा तशीच वाटेवर जन्मली. पण तिला म्या फिरवलं नाय जास्त, सासूपाशी गावात ठेवली अन् शाळेत घातली, अन् पोरगी अशी निघाली की बारावी झाली तरी थांबंना, म्हणायची आई मला पुढं शिकायचंय. पुढं म्हणजे कुठं, तर कन्नडला, अन् कन्नडला पोरीला एकटी कोण धाडतं, आमच्यात तर नायच नाय. माहं तिच्याशी रोज भांडण. मी म्हणायचे तुला शिकून काय मेंढरांना इंग्रजी शिकवायचंय का, ती म्हणायची व्हय, तुला बी शिकवते.

त्याच टायमाला अण्णांच्या मनात कॉलेज काढायचं आलं. अण्णा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, घरी चार बैलजोड्या, स्वतःचं शिक्षण चौथी, पण डोक्यात एकदा काय घुसलं की निघायचं नाय. दुसऱ्या गावच्या पुढाऱ्यांनी पतसंस्था काढल्या, आमच्या अण्णांनी कॉलेज काढलं. लोक हसले. जागा कुठली, तर ही शेड, जिच्यात आपण आत्ता बसलोय ना, हीच, इथं पहिलं बकऱ्यांचा बाजार भरायचा, बाजार सडकेवर गेला अन् शेड रिकामी पडली. अण्णांनी ती धुऊन घेतली, फिनेल टाकलं, बाक मांडले, तरी वास जाईना. आज बी पावसाळी हवा पडली की भिंतीतून मेंढरांचा वास येतो, नवे मास्तर नाकाला रुमाल लावतात. मला बरं वाटतं.

पहिल्या दिवशी काय झालं ते लिहा बरं का, ते कुणाला मालूम नाय. अण्णा नवं धोतर नेसून दाराशी उभे, अन् आत एक बी पोरगं जाईना. सगळी बाहेर घोळका करून उभी, आधी तू जा, आधी तू जा. कौसा माह्यासोबत आली होती, माह्या डोक्यावर लोकरीचं गाठोडं, आम्ही आपल्या घोंगड्या विणणाऱ्याकडं निघालेलो. ही माहा हात सोडून सरळ आत गेली अन् पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी बाहेरून हाका मारतेय कौसे ये, कौसे ये, ती बघंना बी माह्याकडं. अण्णा आत गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् मोठ्यानं म्हणले, लाभ.

तुम्ही शहरातले, तुम्हाला मालूम नसंल. खळ्यावर धान मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नायत. लाभ म्हणतात. लाभ, मंग दोन, मंग तीन. त्यानं रास पुरवठ्याला येते म्हणतात, बरकत ऱ्हाते. अण्णांची हयात खळ्यावर गेली, ते सगळंच तसं मोजायचे, बैल बी तसेच अन् लग्नातली पंगत बी तशीच. कौसा बसली म्हणल्यावर बाकीची पोरं आत शिरली अन् अण्णा एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले, दोन, तीन, चार. दिवस मावळायच्या आत पोरांनी कौसाचं नाव लाभ पाडून टाकलं. ए लाभ, पाणी दे. ए लाभ, वही दाखव. तिला राग नाय यायचा, उलट घरी येऊन सांगायची, आई मी लाभ हाय, मला कामं सांगू नको. काय सांगू तुम्हाला, घर भरून जायचं त्या पोरीनं.

तवा कॉलेजात काय शिकवायचे, तर नुसतं बी.ए. मराठी, इतिहास, भूगोल, तीन मास्तर अन् एक फळा. भूगोलाला मोरे सर. औरंगाबादचे, आता संभाजीनगर म्हणतात, आम्ही तवा औरंगाबादच म्हणायचो. नवंच पोरगं हो ते, मिसरूड बी धड नव्हतं, पीठगिरणीच्या वरच्या खोलीत ऱ्हायचं अन् अंगावर पीठ घेऊनच वर्गात यायचं. पण शिकवायचं जीव लावून. कौसा म्हणायची सर डोंगर असे सांगतात की मी रोज बघते तोच डोंगर मला नवा वाटतो. हजेरीला सर कौसल्या म्हणायचे अन् वर्ग लाभ म्हणायचा, सरांना वाटलं हे तिचं घरातलं लाडाचं नाव हाय. त्यांना कोण सांगणार की हा खळ्यावरचा शब्द हाय. त्यांनी आयुष्यात खळं बघितलेलं नव्हतं अन् आम्हाला वाटलं ही काय सांगायची गोष्ट हाय का. एवढ्याशा शब्दाचं कुणी कुणाला सांगितलं नाय.

भादव्याचा महिना. सरांनी काढलं की पोरांना डोंगर दाखवायचा, ओढे कसे निघतात, दगडाचे थर कसे असतात. कन्नडच्या पुढं, घाटाच्या वरच्या अंगाला. अण्णांनी कांदा वाहायचा टेम्पो दिला अन् स्वतः बी निघाले, पोरी हायत म्हणून. कौसानं आदल्या दिवशीपासून जीव खाल्ला, तिचा बाप तवा त्याच डोंगरात मेंढरं घेऊन गेलेला, म्हणाली दादा दिसले तर त्यांना भाकरी देते, मला चार भाकरी जास्त दे. बापाला ती दादा म्हणायची. दिल्या म्या. फडक्यात बांधून दिल्या, सोबत खर्डा.

आता नीट ऐका, कारण हे तुम्हाला कुणीच असं सांगणार नाय. मी तिथं नव्हते, पण नंतर सगळं ह्याच शेडमधी सगळ्यांसमोर निघालं. जाताना पोरं टेम्पोत चढली ती सरांनी मोजली. कौसा सगळ्यात आधी चढली, नेहमीसारखी. सर टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी उभे ऱ्हाऊन म्हणले, लाभ बसली ना, ती म्हणली बसले, अन् सरांनी बोट पुढच्या पोरीवर ठेवून सुरू केलं, एक, दोन, तीन. अण्णा पोरं मोजताना पहिल्यांदा लाभ म्हणतात हे त्यांनी ऐकलेलं व्हतं, त्यांना वाटलं अण्णा आधी कौसाला नावानं विचारून घेतात अन् मंग बाकीचे मोजतात. सरांनी बी तसंच केलं, अण्णांची रीत पाळतोय म्हणून केलं. शेवटी आकडा आला एकतीस. केबिनमधी अण्णांना सांगितलं, एकतीस हायत अण्णा. व्हते बत्तीस.

डोंगरावर दुपारपर्यंत मजा झाली. मंग वरच्या अंगाला कुणाची तरी मेंढरं दिसली, लांब, पांढरे ठिपके. कौसा शोभीला, तिची मैत्रीण ती, तिला म्हणली आमचीच दिसतात, भाकरी देऊन आलेच. आलेच म्हणली. अन् गेली.

तेवढ्यात आभाळ फुटलं. पाऊस असा आला की पोरं पळत येऊन टेम्पोत घुसली, वरून ताडपत्री ओढली, आत काळोख. निघायच्या आधी अण्णांनी फाळक्यावर चढून ताडपत्रीखाली हात घातला अन् डोक्याला हात लावत मोजायला सुरवात केली. पहिल्या डोक्याला हात लावला अन् म्हणले, लाभ. मंग दोन, तीन. शेवटी एकतीस. सरांचे एकतीस, अण्णांचे एकतीस. टेम्पो निघाला.

तुमच्या ध्यानात आलं का काय झालं ते. अण्णा आपले मोजत व्हते. पण आत काळोखात पोरांनी ऐकलं लाभ, त्यांना वाटलं कौसा बसली. शोभीनं ऐकलं लाभ, तिला वाटलं आली वाटतं, पुढं बसली. ताडपत्रीची दोरी बांधणाऱ्या सरांनी ऐकलं लाभ, त्यांना वाटलं कौसा हाय. टेम्पोभर माणसांनी माह्या पोरीचं नाव ऐकलं अन् माही पोर तिथं नव्हती.

गावात टेम्पो आला, पोरं उतरली, मी भाकरीचं फडकं घ्यायला गेले व्हते. फडकं परत आणायचं म्हणून तिला चारदा बजावलेलं. सगळी उतरली. मी ताडपत्री वर करून आत बघितलं. पुढचं मला नीट सांगता येत नाय. माणसं त्याच टेम्पोनं माघारी गेली, सोबत गावातली तरणी पोरं, पण ओढा असा आलेला की पलीकडं कुणाला जाता येईना. दुसऱ्या दिवशी झुडपाला अडकलेली तिची पिशवी सापडली. भाकरी नव्हत्या तिच्यात. फडकं बी नव्हतं. मंग कितीतरी दिवस शोधलं, खालच्या गावापर्यंत शोधलं, काय बी नाय.

पोलीस पाटलासमोर ह्याच शेडमधी बसवलं सगळ्यांना. अण्णांनी विचारलं जाताना किती. सर म्हणले एकतीस. अण्णा म्हणले येताना बी एकतीस, मी माह्या हातानं मोजलेत, मंग पोर गेली कुठं. कुणाला काय समजंना. शोभी रडत रडत उठली अन् म्हणली, सर तुम्ही लाभला कुठं धरलं. सर म्हणले तिला नावानं विचारलं की. अन् ते एवढं बोलले तसे अण्णा हळूच खाली बसले. त्यांना कळलं. सरांना कळायला वेळ लागला, त्यांना समजावून सांगावं लागलं की बाबा लाभ म्हणजे एक. ते समजल्यावर त्या पोरानं जो आवाज काढला तो माह्या कानात अजून हाय.

कौसाच्या बापाला निरोप मिळाला तसा तो डोंगर उतरून आला. ती मेंढरं आमचीच व्हती. तो म्हणला दुपारी कुत्रं एकाच बाजूला तोंड करून भुंकत व्हतं, थांबंचना, मला वाटलं लांडगा असंल म्हणून म्या मेंढरं पलीकडच्या अंगाला हाकली. एवढंच बोलला. त्यानं ती मेंढरं विकली अन् पुढं कधी डोंगराकडं गेला नाय, मजुरी केली, मरेपर्यंत मजुरीच केली. ते कुत्रं मात्र विकता आलं नाय, ते इथं गेटापाशी येऊन बसायचं.

भावकी म्हणली दिवस घाला, पुतळा करून जाळा, पोरीचा जीव अडकून ऱ्हाईल. मी म्हणले ज्यांना घालायचेत त्यांनी घाला, माह्या दारात नाय. आलेच म्हणून गेलेली पोर हाय ती. आलेच म्हणजे काय, गेली तवाच आली असं झालं की नाय. तिचे दिवस कसे घालू. आमच्या घरात तवापासून आलेच हा शब्द कुणी काढत नाय, जायचं असलं की माणूस गुमान उठतं अन् जातं. माहा नातू, कौसाच्या धाकट्या भावाचं पोरगं, एकदा बोलून गेला, अन् म्या त्या लेकराला अशी चापट मारली की सूनबाई दोन दिवस माह्याशी बोलली नाय.

कॉलेज बंद पडणार असंच वाटलं लोकांना. पोरींची नावं बापांनी काढून घेतली. अण्णा माह्या दारात आले, उंबऱ्याच्या बाहेरच उभे, म्हणले भामा, तू म्हणशील तर टाळा ठोकतो. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणले टाळा ठोकला तर ती आल्यावर बसंल कुठं. अण्णांनी मला शिपाई म्हणून घेतलं. लोक म्हणले पोरीच्या बदल्यात नोकरी घेतली. म्हणू द्या. मी गेटावर बसले ते एवढ्यासाठी की ती आली तर आधी मला दिसावी.

पुढच्या वर्षी मोरे सर हजेरी घ्यायला उभे ऱ्हायले अन् त्यांनी दोनपासून सुरवात केली. रोल नंबर दोन. कुणी काय विचारलं नाय. तवापासून ह्या कॉलेजात एक नंबर कुणाला दिलेला नाय, कागदावर बी नाय अन् बोलताना बी नाय, मास्तर आले, बदलले, पण हजेरी दोनपासून. अन् हा बाक रिकामा. पोरं आता त्याच्या कायबाय गोष्टी करतात, म्हणतात परीक्षेच्या आधी ह्या बाकावर पेन ठेवला की पास होतं, अन् पाऊस आला की इथं कुणीतरी ओलं होऊन बसतं. मी हसते. मनात म्हणते बसत असंल तर मला एकदा दिसू दे की. पावसाच्या दिवसात मीच हा बाक पुसते, अन् खरं सांगते, कधीकधी तो मी पुसायच्या आधीच ओला असतो. पत्रा गळतो म्हणतात मॅडम. गळत असंल.

अण्णांचं काय झालं ते बी लिहा. ते पुन्हा खळ्यावर लाभ म्हणले नायत. पहिलं माप भरायचे, गुमान ओतायचे, तोंडातून शब्द नाय, अन् मंग दोन. गडीमाणसं खाली बघायची. जायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं, अंथरुणावर व्हते, आवाज पार बसलेला.

“भामा, शब्द माहा व्हता.”

“शब्द चांगला व्हता, अण्णा,” मी म्हणले.

तेवढंच बोलणं झालं. पण मला ते खरंच वाटतं. शब्दाचा काय दोष, त्यानं तर माह्या पोरीला पहिली केली.

कॉलेज वाढलं, हे मात्र नक्की लिहा, नायतर म्हणाल म्हातारीनं नुसतं रडगाणं गायलं. नवी इमारत झाली, ती बघा समोर, वर ग्रंथालय, खाली संगणक. आता बी.ए. तर हायच, बी.कॉम. हाय, शिवणकामाचा कोर्स हाय, त्यात लग्न झालेल्या बाया येतात लेकरं कडेवर घेऊन, अन् ती लेकरं सांभाळायची कुणी, तर मावशीनं. वायरिंगचा हाय, त्या पोरांनी शिकता शिकता अख्ख्या इमारतीचा फ्यूज कितीदा उडवला ते विचारू नका. रोपवाटिका हाय. आता नवं ते फवारणीचं ड्रोन आलंय, पोरं दिवसभर मान वर करून उभी. बिडकीनच्या कंपन्यांची माणसं येतात अन् पोरं घेऊन जातात, पोरं हेल्मेट घालून फोटो धाडतात, मावशी ओळखा कोण. मेंढरांमागच्या किती पोरी इथून शिकून गेल्या, एक नर्स झाली, एक तलाठी हाय. त्या आल्या की माह्या पाया पडतात अन् मला वाटतं ही कौसाएवढी, नाय, कौसा आता हिच्यापेक्षा मोठी. एवढं सगळं मिळतं इथं, पण सहल मिळत नाय. ह्या कॉलेजची सहल पुन्हा कुठं गेली नाय. मोरे सर इथं व्हते तोवर सहलीचं नाव काढू द्यायचे नायत. अजून फोन करतात मला, बोलत काय नायत, विचारतात मावशी पोरं पोचली का सगळी. रोज पोचतात सर, म्हणते.

कारण पोरं मी मोजते. सांजच्याला पोरींची एसटी येते ना गेटावर, तिच्यात चढताना एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजते. आधी रिकाम्या पायरीकडं बघून म्हणते लाभ, मंग पहिली पोर चढली की तिला दोन. म्हणून माहा आकडा कायम एकानं जास्त. कंडक्टर चेष्टा करतो, मावशी तुमच्या एका पोरीचा पास कधी दिसला नाय मला. मी म्हणते ती फुकटच येते, तुही एसटी काय झिजती व्हय. तो बी समजून हाय. माह्या आकड्यातून एक काढतो अन् घंटी देतो.

तर आता ह्या वर्षीचं. नव्या प्राचार्य मॅडम आल्या, पैठणकडच्या, तरुण हायत, कामाला वाघीण. सगळी नावं संगणकावर चढवायची व्हती अन् तो संगणक दोनपासून घेईचना. एक भरल्याशिवाय पुढं सरकंना. मॅडमनी मला केबिनमधी बोलावलं, खुर्ची दिली, म्हणल्या मावशी मला सगळं माहीत हाय, पण मी काय करू. मी म्हणले तो नंबर दिलेला हाय. त्या म्हणल्या कुणाला. मी म्हणले कौसल्येला. मी उठून आले अन् त्या दिवशी गेट उघडलंच नाय, ट्रस्टी आले तरी उघडलं नाय, ते भिंतीवरून उडी मारून आत गेले, पँट फाटली त्यांची. मला भ्या वाटत व्हतं, खरं सांगते. जिला तो नंबर देतील त्या पोरीच्या जिवाचं भ्या, अन् माह्या पोरीचं बी. तिची जागा बी दिली तर मंग ती माघारी कोण म्हणून येणार.

नंबर गेला पायलला. फर्स्ट इयरला सगळ्यात आधी तिचा प्रवेश झालेला. आई कापूस वेचायला जाते, बाप नाय, पोरगी ड्रोनच्या कोर्सला बी बसलीय, काडीसारखी हाय पण आवाज खणखणीत. मी तिला गेटावर गाठलं, म्हणले बाई, मॅडमला सांग, मला दोन नंबर द्या, एक नको. ती म्हणली का. मी म्हणले तुला मालूम नाय. ती म्हणली मावशी, सगळ्या गावाला मालूम हाय. मी म्हणले मंग भ्या नाय वाटत तुला. ती म्हणली,

“इतकी वर्सं तिच्या नंबरला कुणी हजर म्हणलं नाय. मी म्हणते ना.”

मी बाजूला सरले अन् तिला आत जाऊ दिलं.

पहिल्या हजेरीला मी ह्याच दाराशी उभी व्हते, झाडू घेऊन, उगाच. मॅडम म्हणल्या रोल नंबर एक. पत्र्यावरची चिमणी ऐकू आली. अन् ती पोरगी उभी ऱ्हाऊन म्हणली, हजर. मोठ्यानं म्हणली, बाहेरच्या सडकेला ऐकू जाईल एवढ्यानं. पण बसली ती ह्या पहिल्या बाकावर नाय, मागं बसली, आपणहून. तेवढी जाण हाय पोरीला.

सांजच्याला एसटी आली. मी नेहमीसारखी पायरीपाशी गेले, रिकाम्या पायरीकडं बघून लाभ म्हणणार, तेवढ्यात पायल येऊन पायरीवर उभी ऱ्हायली अन् माह्यापुढं डोकं वाकवलं. म्हणली माह्यापासून धरा. मागं पोरी थांबल्यात, कंडक्टर बघतोय. माहा हात वर गेला. तिच्या डोक्यावर ठेवला. तेल लावलेले केस, ऊन, जितं डोकं. अन् म्हणले, लाभ. मंग दोन. मंग तीन. सगळ्या चढल्या. कंडक्टरनं त्याचे मोजले, माह्याकडं बघितलं अन् घंटी न देता उतरून खाली आला. म्हणला मावशी, आज बरोबर आला आकडा.

गाडी गेली अन् मी तिथंच धुरळ्यात बसले. इतक्या वर्सांत माहा आकडा पहिल्यांदा बरोबर आला, अन् बरोबर आला म्हणजेच माही पोर त्यात नव्हती. म्या इतकी वर्सं तिला आकड्यात धरून ठेवलेलं व्हतं, रोज एसटीत बसवत व्हते, रोज घरी पोचवत व्हते. त्या दिवशी ती बसली नाय. लई रडले हो, ती गेली तवा बी इतकी रडले नव्हते, कारण तवा मी वाट बघण्यात गुंतलेले. मंग शेडमधी आले, हा बाक पुसला. कोरडा व्हता. तिला म्हणले कौसे, नंबर दिला बाई तुहा. रागावू नको. पोर चांगली हाय.

आता मी घरी बसल्यावर कोण मोजणार म्हणून फिकीर व्हती, तर पायल म्हणली मी मोजते, मला येतं. तिला येतं खरं, लाभ, दोन, तीन, चुकत नाय. मॅडमनी बी नव्या मास्तरांना समोर बसवून सांगितलं, लाभ म्हणजे एक, ध्यानात ठेवा, कुणाचं नाव नाय ते. बरं केलं. तुम्ही बी तुमच्या पुस्तकात तेवढं ठळक छापा, बाकी अण्णांचा फोटो छापा, इमारतीचा छापा, कोर्स सगळे छापा. माह्या कौसाचा फोटो नाय, निघालाच नाय कधी. नुसतं लिहा की पहिली ती बसली. अन् ह्या पोरी रोज सुखरूप घरी पोचू देत, जी डोंगरात जाईल ती बी पोचू दे, एवढंच मागणं हाय माहं.

ऐकू आलं का, हॉर्न. एसटी आली सडकेवर. तुम्ही उठू नका, चहा सांगितलाय, तो पिऊनच जायचं. बसा निवांत. मी पोरी मोजून आलेच.